पुढचा कट विका, पण कागदांसकट

मा. संपादक,

आपल्या जळगाव-धुळ्याकडे जुन्या डिझेल गाड्यांना पुढच्या कटमधलं, म्हणजे भंगारात निघालेल्या गाडीच्या कापून काढलेल्या पुढच्या भागातलं, इंजिन-गिअरबॉक्स टाकतात, आणि मला विचाराल तर ते चांगलंच काम आहे, कारण आपल्याकडे मे महिन्यात पारा 44-45 ला जातो, रेडिएटर गळका असताना कोणी तशीच गाडी हाणत राहिला की हेड गास्केट जातं, हेड वाकतं, मग इंजिनकामाचा खर्च गाडीच्या किमतीला भिडतो. अशा वेळी मागून ठोकलेल्या टोटल लॉस (विमावाल्यांनी दुरुस्तीपलीकडची ठरवलेल्या) गाडीचं तोंड मिळालं तर सोनंच. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत इंजिन, गिअरबॉक्स, एक्सल, फाउंडेशन (इंजिन ज्यावर बसतं ते माउंट), वायरिंग सगळं तिथंच असतं, नुसतं इंजिन आणलं की एकेका सेन्सरसाठी भंगार बाजार पालथा घालावा लागतो. फक्त ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) आणि चावी त्याच गाडीची घ्या, नाहीतर इमोबिलायझर, म्हणजे चोरी रोखणारं लॉक, गाडी सुरूच होऊ देत नाही. अन "1248 सीसीचं इंजिन सगळीकडे एकच" यावर जाऊ नका. फियाटचं ते इंजिन स्विफ्ट, व्हिस्टा, पुंटो तिन्हीत होतं हे खरं, पण वायरिंग अन फाउंडेशन ज्याचं त्याचं वेगळं.

माझं दुखणं कागदांचं आहे. कट विकणारे बरेच जण साधी चिठ्ठी देतात, त्यावर ना इंजिन नंबर ना गाडीचा नंबर. इंजिन बदललं की आरसीशी नंबर जुळत नाही, मोटार वाहन कायद्याचं कलम 52 त्यासाठीच आहे, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर परवानगीशिवाय केलेल्या बदलाला 5000 रुपये दंड नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन्हीही होऊ शकतं. गिऱ्हाईक शेतकरी नाहीतर मास्तर, त्याला हे कोणी सांगतच नाही हो, गाडी विकायला काढली की ट्रान्सफरला अडकतो, आणि इंजिन चोरीच्या गाडीचं निघालं तर पोलीस स्टेशनच्या चकरा त्यालाच. काही गाड्यांचा चॅसिस नंबर फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर) असतो, म्हणजे तो कटसोबतच येतो, तो तुकडा दुसऱ्या गाडीला वेल्ड करणं सरळ गुन्हा आहे.

माझं मागणं एवढंच की विकणाऱ्यांनी इंजिन आणि चॅसिस दोन्ही नंबर टाकून पक्कं बिल द्यावं, सोबत जुन्या आरसीची झेरॉक्स, आणि जळगाव, धुळे, नंदुरबारच्या आरटीओंनी इंजिन बदलाच्या अर्जाला कोणते कागद लागतात त्याचा मराठी बोर्ड दारातच लावावा. बिल नसेल तो कट माझ्या गॅरेजात उतरत नाही, बाकीच्या मिस्त्री भाऊंनीही उतरवू देऊ नये.

— एक गॅरेजवाला, अमळनेर