गणिताच्या वर्गातून आलेले ग्रंथपाल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दरवर्षी 12 ऑगस्टला ग्रंथपाल दिनानिमित्त शाळा-महाविद्यालयांत डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांच्या प्रतिमेला हार घातला जातो, ‘भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक’ असा त्यांचा गौरव होतो आणि कार्यक्रम संपतो. मी 28 वर्षे माध्यमिक शाळेत गणित शिकवले आणि त्यातील 11 वर्षे ग्रंथालयाचा कार्यभारही माझ्याकडे होता. त्यामुळे त्यांच्या आयुष्यातील जी गोष्ट मला सर्वांत जवळची वाटते, ती या भाषणांत क्वचितच ऐकू येते. रंगनाथन मूळचे गणिताचे प्राध्यापक होते आणि ग्रंथपालाची नोकरी त्यांना सुरुवातीला अगदी नकोशी झाली होती.

त्यांचा जन्म 1892 साली तंजावर जिल्ह्यातील शियाळी येथे झाला. तंजावर म्हटले की मराठी माणसाला सरफोजी राजांचे सरस्वती महाल ग्रंथालय आठवते, म्हणून हा उल्लेख करावासा वाटला. मंगळूर, कोइंबतूर आणि पुढे मद्रासचे प्रेसिडेन्सी कॉलेज येथे त्यांनी गणित शिकवले. जानेवारी 1924 मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे पहिले ग्रंथपाल झाले. विद्यार्थ्यांनी भरलेल्या वर्गाची सवय असलेल्या या शिक्षकाला वाचकच नसलेल्या त्या ग्रंथालयातला एकांत सोसवेना. थोड्याच दिवसांत ते आपल्या जुन्या प्राचार्यांकडे गेले आणि मला परत वर्गात घ्या, अशी गळ त्यांनी घातली. आधी इंग्लंडला जाऊन या, तिथून आल्यावरही असेच वाटले तर परत घेऊ, असे प्राचार्यांनी त्यांना सांगितले.

लंडनमध्ये युनिव्हर्सिटी कॉलेजात बर्विक सेयर्स त्यांचे शिक्षक होते, आणि सेयर्स स्वतः क्रॉयडनच्या सार्वजनिक ग्रंथालयाचे प्रमुख होते. रंगनाथन केवळ वर्गात बसून राहिले नाहीत. त्यांनी शंभराहून अधिक ग्रंथालये पायाखाली घातली. तिथे लहान मुले, कामगार, गृहिणी हक्काने येतात आणि हवे ते पुस्तक स्वतःच्या हाताने कपाटातून काढतात, हे त्यांनी पाहिले. माझ्या मते त्यांच्यातल्या शिक्षकाचे मन इथेच फिरले, कारण जो वर्ग आपण मद्रासमध्ये सोडून आलो असे त्यांना वाटत होते, त्याहून कितीतरी मोठा वर्ग त्यांना या ग्रंथालयांत दिसला.

याच मुक्कामात लंडनमधील एका मोठ्या दुकानात त्यांनी मेकॅनो हा खेळ पाहिला. त्याच पट्ट्या, तेच नटबोल्ट, पण जोडणी बदलली की वेगळे खेळणे तयार होते. ग्रंथालयात पुस्तके विषयवार लावताना प्रत्येक विषयाला आधीच एक तयार क्रमांक देऊन ठेवण्याऐवजी विषयाचे पैलू सुटे करून ते हवे तसे जोडता येतील, ही कल्पना त्यांना त्यातून सुचली. फुफ्फुसाच्या क्षयावरील उपचारांचे पुस्तक असेल, तर अवयव, रोग आणि उपचार हे तीन पैलू वेगवेगळे मांडायचे आणि विरामचिन्हाने एकत्र गुंफायचे. परतीच्या प्रवासात जहाजावरच्या ग्रंथसंग्रहावर त्यांनी याचा प्रयोग करून पाहिला, आणि 1933 साली ‘कोलन’ अर्थात द्विबिंदू (:) वर्गीकरण पद्धती प्रसिद्ध झाली.

इंग्लंडहून मद्रासला परतल्यावर वर्गात परत जाण्याचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. मात्र त्यांच्यातला शिक्षक तसाच राहिला. 1929 मध्ये मद्रास ग्रंथालय संघातर्फे त्यांनी ग्रंथपालांसाठी प्रशिक्षणवर्ग सुरू केला आणि दोनच वर्षांत तो विद्यापीठाने आपल्याकडे घेतला. 1931 साली त्यांची ग्रंथालयशास्त्राची पंचसूत्री, म्हणजे ग्रंथालय कसे चालावे हे सांगणारी पाच सूत्रे, प्रसिद्ध झाली. तिचे पहिले सूत्र, ‘ग्रंथ उपयोगासाठी आहेत’, हे शब्द त्यांचे गणिताचे गुरू एडवर्ड रॉस यांनी सुचवलेले होते. आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी आपल्या बचतीतून एक लाख रुपये मद्रास विद्यापीठाला दिले आणि त्यातून पत्नी शारदाबाईंच्या नावाचे ग्रंथालयशास्त्राचे अध्यासन उभे राहिले.

हे सारे लिहिण्याचे कारण ते पहिले सूत्रच आहे. ग्रंथालयाचा कार्यभार माझ्याकडे आला तेव्हा चाव्यांच्या जुडग्याबरोबर मला एकच सूचना मिळाली: दाखल नोंदवहीतील एकही पुस्तक गहाळ होता कामा नये, झाले तर किंमत भरून द्यावी लागेल. पहिली दोन वर्षे मी ती सूचना तंतोतंत पाळली. कपाटे बंद राहिली, पडताळणीत सर्व पुस्तके जागेवर मिळाली आणि माझे कौतुक झाले. त्या कौतुकाची मला आज खंत वाटते, कारण त्या दोन वर्षांत दहावी होऊन गेलेल्या मुलांच्या हाती मी जवळपास काहीच दिले नाही. तिसऱ्या वर्षी मधल्या सुटीत कपाटे उघडी ठेवू लागलो. काही पुस्तके फाटली, पाच-सहा परत आली नाहीत, त्यांचे पैसे मी भरले. पण देवघेव नोंदवही वर्ष संपण्याआधीच भरली आणि दुसरी आणावी लागली.

रंगनाथन यांनी 1930 मध्ये ग्रंथालय कायद्याचा नमुना मसुदा मांडला होता. मद्रास प्रांताने 1948 साली कायदा केला, त्यात मालमत्ता करावर रुपयामागे सहा पै (तेव्हा रुपयाचे 192 पै होत) ग्रंथालय उपकराची, म्हणजे ग्रंथालयांसाठीच्या जादा कराची, तरतूद होती. कोल्हापूर संस्थानाने तर त्याआधी, 1945 मध्येच, आपला ग्रंथालय कायदा केला होता. महाराष्ट्राचा कायदा 1967 चा आहे, पण त्यात उपकर नाही. आपली गावोगावची वाचनालये शासकीय अनुदान आणि वर्गणी यांवरच चालतात. त्या प्रश्नाची चर्चा जाणकारांनी अवश्य करावी.

माझी मागणी त्यामानाने लहान आहे आणि तिला फारसा खर्चही नाही. शालेय ग्रंथालयाच्या तपासणीत किती पुस्तके आहेत याबरोबरच वर्षभरात किती पुस्तके मुलांनी घरी नेली, हेही विचारले जावे. दरवर्षी वापरामुळे फाटलेली व हरवलेली ठरावीक प्रमाणातील पुस्तके संबंधित शिक्षकाला भुर्दंड न पडता निर्लेखित करता, म्हणजे नोंदवहीतून कमी करता, यावीत. आणि येत्या 12 ऑगस्टला प्रतिमापूजन झाल्यावर निदान मधली सुटी संपेपर्यंत तरी सर्व कपाटांची कुलपे काढून ठेवावीत, अशी माझी राज्यातील मुख्याध्यापकांना आपल्या दैनिकामार्फत नम्र विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त गणित शिक्षक, जि. सातारा