काकूचं कपाळ

प्रिय बाळ्या,

दिवाळीपासून पत्र नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढं वाच. गुडघा आहे तसाच, बाकी बरं.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंदीचा ठराव केला, सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना तोच कित्ता गिरवायला सांगितलं, हे तुला ठाऊक आहे. आपल्याकडंही झाला. मीही हात वर केला होता. परवा संक्रांतीला देवळापुढं विधवांचं हळदीकुंकू ठेवलं. काकूला स्टेजवर नेलं. सरपंचबाई करंडा घेऊन पुढं आल्या तशी काकूनं मान मागं घेतली. "नको बाई, माझं मला बरं हाय." "घाबरू नका, आता ठराव झालाय," म्हणत बाईंनी लावलंच. काकू फोटो निघेपर्यंत थांबली, मग पदरानं पुसलं. (बाईंचे सासरे वारले तेव्हा त्यांच्याच घरात सासूचं काय काय केलं, ते लिहीत नाही. पत्र तुझी आई वाचते.)

तू म्हणशील, काकूच्या बांगड्या फोडताना कुणी तिला विचारलं होतं? तुझं कॉलेजपासून हेच. तू आगरकर, मी टिळक, आणि चहाचे पैसे पम्याचे. आगरकरांची पुण्यात जिवंतपणी प्रेतयात्रा काढली तशी तुझी काढायला मी तिरडीचे बांबूही बघून ठेवले होते. १८९१ चा संमतिवयाचा कायदा मला तेव्हाही पटायचा, तू ऐकून घेत नव्हतास. दहा वर्षांच्या पोरीची संमती ती कसली, मर्यादा बारावर नेली ते बरंच केलं. पण आदल्या वर्षी टिळक सुधारकांना म्हणत होते, मुलींची लग्नं सोळाच्या आत करणार नाही हे आधी स्वतःपुरतं बांधून घ्या. ते करंड्याला लागू पडतं की नाही?

बांगड्या फोडायला कुणी हात उचलला तर तो धरायचा, एवढ्यासाठी ठराव. काकूच्या कपाळाला हात लावायची मुभा त्यातून निघत नाही. माझा उदारमतवाद एवढाच.

पण विलासच्या विधवा बायकोचं काय करू? तिला कुंकू लावायचंय, हिरवा चुडाही भरायचाय. सासू म्हणते, "काकूकडं बघ. ठराव असून पुसलं तिनं." काकूला हे सांगितलं तर भडकली. "तिचं कपाळ तिचं, माझं माझं. सांगते तिच्या सासूला." अजून गेलेली नाही. भावकी पडते ना. आणि ठरावात 'स्वेच्छेनं' असं घालावं, तर सासू उद्या पोरीकडनंच 'माझी इच्छा नाही' असं लिहून, खाली अंगठा घेऊन मोकळी होईल.

बदली रद्द झाली का? चिनूचा दहावीचा अभ्यास कसा चाललाय? वहिनींना नमस्कार.

२६ जानेवारीला ग्रामसभा आहे. त्याआधी उत्तर पाठव. आगरकर नकोत, ठरावाचा मसुदा पाठव.

तुझा,
दत्त्या