उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना खुले पत्र: आमचं ‘क्षेत्र’ वसतिगृहाबाहेर असू द्या

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

स.न.वि.वि.

मी खानदेशात मानसशास्त्र शिकते. वरून हुकूम आला की माणूस दुसऱ्याला विजेचे (खरं तर खोटे) झटके कुठवर देत राहतो, हे पाहणाऱ्या मिलग्रॅमच्या पहिल्या प्रयोगात 40 पैकी 26 जण 450 व्होल्टपर्यंत गेले, हे मला झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. प्रयोग शिकण्यासारखाच आहे, तक्रार त्याबद्दल नाही. पण 1 जुलै 2018 रोजी आमच्याच धुळे जिल्ह्यात, राईनपाड्याला, मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारलं. सामाजिक मानसशास्त्राच्या तासाला त्यांचा विषयही निघत नाही.

तेव्हा सगळ्यांनी व्हॉट्सॲपला धारेवर धरलं. मेसेज फिरले, खरंच आहे. पण लोकांना ते का पटले? 15 जानेवारी 1934 च्या बिहारच्या भूकंपानंतर मानसशास्त्रज्ञ जमुना प्रसाद यांनी अफवा टिपून ठेवल्या होत्या. जिथे हादरा जाणवला पण पडझड झाली नाही, तिथेही याहून मोठं संकट येणार अशाच अफवा होत्या. याच नोंदींवरून अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगरला सुचलं की अशी अफवा भीती पेरत नाही, मनात आधीच बसलेल्या भीतीला कारण पुरवते. मनातल्या विसंगतीबद्दलचा (कॉग्निटिव्ह डिसोनन्स) त्याचा 1957 चा सिद्धांत आम्ही पाठ करतो. बिहार मात्र गाइडमध्ये सापडत नाही!

मग राईनपाड्यात आधीपासून कसली भीती होती? हे विचारायला गावात जावं लागतं. नव्या शैक्षणिक धोरणात क्षेत्र प्रकल्पाला (फील्ड प्रोजेक्टला) श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, आहेत, पण आमचं क्षेत्र म्हणजे वसतिगृह. रात्री जेवणं झाली की गूगल फॉर्मची लिंक येते, “भर ना गं, तुझा मी भरते.” झाला प्रकल्प. तासिका तत्त्वावरच्या मॅडम चार कॉलेजं करतात, त्यांनी आम्हाला गावात न्यायचं कधी?

अहिराणी, पावरी घरात बोलणारी मुलं आमच्या वर्गात आहेत. त्यांना एसटीचं भाडं द्या (मुलींना अर्धं तिकीट आहे, मुलांना पूर्ण पडतं), सोबत कायम नेमणुकीचा प्राध्यापक द्या. जखमेवर बोट ठेवण्याआधी प्रश्न तपासून देणारी नीतिसमिती प्रत्येक विद्यापीठाने पदवीच्या प्रकल्पांसाठीही नेमावी. आणि जमलेली टिपणं मराठीत छापा, पुढच्या वर्षीच्या मुलांना निदान वाचायला तरी मिळतील.

आपली,
मानसशास्त्राची एक विद्यार्थिनी, धुळे