आधी घरातल्या बाईला विचार

चि. अश्विनीस अनेक आशीर्वाद,

कृषी खात्यात तू हजर झालीस, बाबांनी गावभर सांगितलं. आता रोज शिवारं पायाखाली घालशील. माझं एकच मागणं आहे. बांधावरच्या बाप्यांशी बोलून माघारी फिरू नको. घरातल्या बाईला विचार, तुमच्या रानात खायचं काय पिकतं?

२०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तुला आठवत असेल. ज्यांचं सगळं रान सोयाबीनखाली होतं, त्यांचं पीकही गेलं आणि ज्वारी-डाळही विकत घ्यावी लागली. ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या बायका आपल्याकडे सांगायच्या, घरधन्याकडून एक एकर मागून घ्या. त्यात तूर, मूग, उडीद, ज्वारी, भाजी मिसळून लावा. पावसाच्या खंडात एक पीक गेलं तरी दुसरं हाती लागतं. मला ते पटलं ते कायमचं.

घरचं बी राखतात बायकाच, म्हणून उगवण तपासायलाही त्यांनाच शिकव. ओल्या गोणपाटावर सोयाबीनचे १०० दाणे ओळीनं मांडायचे, गुंडाळून सावलीत ठेवायचे, पाणी शिंपडत राहायचं. आठवड्यानं उकलून कोंब मोजायचे. ७० च्या वर आले तर बी पेरणीजोगं. सोयाबीनचं टरफल फार नाजूक, पोतं आपटलं तरी बी मरतं, हेही सांग. आणि ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय चाड्यावर मूठ धरू देऊ नको. दुबार पेरणीचं कर्ज बाईच्या डोरल्यापर्यंत येतं.

बीबीएफचा, म्हणजे रुंद वरंबा-सरी पद्धतीनं पेरणीचा, आग्रह जरूर धर. रुंद वरंब्यावर पीक, बाजूला सऱ्या; उघडीप पडली तर ओल टिकते, जास्त झालं तर पाणी निघून जातं. पण २०२५ च्या सप्टेंबरातल्या पुरात नदीकाठची मातीच खरडून गेली, तिथं वरंबा काय करणार? अशा घरी सल्ला घेऊन जाऊ नको. आधी पंचनामा वेळेत कर.

सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून बाई प्रशिक्षणाच्या यादीत येत नाही. तू तुझ्या वहीत तिचं नाव लिही. शेतीशाळा सकाळी अकराला ठेवलीस तर आम्ही खुरपायला गेलेल्या असतो. जेवणं उरकल्यावर देवळात ठेव, सगळ्या येतील.

डबा वेळेवर खात जा.

तुझी,
आई