पेडलची डबी सर्किटच्या आधी ठरवावी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

घरी इलेक्ट्रॉनिक वस्तू बनवण्याच्या छंदाविषयी आपल्या पुरवणीत अधूनमधून लेखन येते आणि त्यात गिटारच्या इफेक्ट पेडलांनाही, म्हणजे गिटारचा आवाज बदलणाऱ्या, पायाने चालू-बंद करायच्या डब्यांनाही जागा मिळते, याचा आमच्यासारख्या हौशी मंडळींना आनंद आहे. परंतु अशा लेखनात सर्किटची आकृती, सुट्या भागांची यादी आणि सोल्डरिंगच्या सूचना तपशिलाने दिलेल्या असतात, आणि अखेरीस ‘हे सर्व योग्य आकाराच्या डबीत बसवावे’ एवढ्या एका वाक्यात विषय आटोपतो. योग्य आकार कोणता, हे ठरवायचे काम वाचकावर सोडलेले असते, आणि नवशिका नेमका तिथेच अडतो. सर्किटचा बोर्ड तयार होतो, आवाजही लागतो, पण झाकण बसत नाही. डबी ही शेवटी शोधायची वस्तू नसून सर्वांत आधी ठरवायची वस्तू आहे, आणि ती सर्किटच्या आकारावरून ठरवायची नाही, हे सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

सर्किट खरोखरच फार जागा मागत नाही. दोन ट्रान्झिस्टरांच्या फझचा, म्हणजे आवाज खरखरीत करणाऱ्या पेडलचा, बोर्ड पोस्टाच्या तिकिटाएवढाही करता येतो. १९६६ साली आलेला ‘फझ फेस’ हा असाच दोन ट्रान्झिस्टरांचा पेडल, तरी त्याची गोल डबी आतल्या सर्किटच्या कितीतरी पट मोठी होती. पेडलमध्ये जागा खातात ते जॅक (केबलचा प्लग लावायची खोबण), पॉट (नॉबखालचा फिरता रोधक), फूटस्विच, वीजपुरवठ्याचा सॉकेट आणि असल्यास बॅटरी. या पाचांचे स्थान ठरले की डबीचा आकार जवळजवळ आपोआप ठरतो, आणि बोर्डाला उरलेल्या जागेत समजुतीने राहावे लागते.

हौशी कारागिरांत डाय-कास्ट, म्हणजे साच्यात ओतलेल्या, अ‍ॅल्युमिनियमच्या डब्या सर्वाधिक वापरल्या जातात आणि त्यांची ओळख हॅमंड कंपनीच्या क्रमांकांवरून पटते. सर्वांत अरुंद १५९०ए ही साधारण ९३ × ३९ × ३१ मिलिमीटर, १५९०बी ही ११२ × ६० × ३१, तर १५९०एन१, जिला बहुतेक जण १२५बी म्हणतात, ती १२१ × ६६ × ३९. त्यापुढे रुंद १५९०बीबी साधारण ११९ × ९४ × ३४ आणि दोन-तीन फूटस्विचांसाठी १५९०डीडी १८८ × १२० × ३७. ही सारी बाहेरची मापे आहेत. भिंतींची जाडी वजा करावी लागते. शिवाय ओतीव डबीच्या भिंती किंचित उतरत्या असतात, त्यामुळे झाकणाच्या (खालच्या) बाजूला मिळणारी रुंदी नॉब असलेल्या दर्शनी पृष्ठाजवळ मिळत नाही. चारही कोपऱ्यांत झाकणाच्या स्क्रूंसाठी धातूचे खांब असतात, तेही जागा अडवतात. इतर उत्पादकांच्या त्याच नावाच्या डब्यांत मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा फरक आढळतो, म्हणून डबी हातात आल्यावर कॅलिपरने आतून मोजल्याशिवाय बोर्ड कापू नये.

लांबी-रुंदीकडे सर्वांचे लक्ष जाते. घात होतो तो खोलीत, म्हणजे दर्शनी पृष्ठापासून झाकणापर्यंतच्या अंतरात. १५९०बीची आतली खोली सुमारे २७ मिलिमीटर भरते. १६ मिलिमीटरचे पॉट बोर्डाला थेट सोल्डर केले, तर दर्शनी पृष्ठापासून बोर्डापर्यंत साधारण १३ मिलिमीटर जातात. बोर्डाची जाडी १.६, आणि बोर्डाच्या झाकणाकडील बाजूवर नेहमीचा उभा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असेल, तर त्याचे ११. बेरीज २५.६ झाली. उरलेल्या दीड मिलिमीटरहून कमी जागेत झाकणाला आतून चिकटवायचा इन्सुलेशनचा कागद आणि आपल्या हाताची चूकभूल सामावायची आहे. हाच हिशेब १२५बीमध्ये केला, तर खोली सुमारे ३५ मिलिमीटर असल्यामुळे ९ मिलिमीटरच्या आसपास जागा मोकळी राहते आणि वायरी बोर्डावरून मागे-पुढे नेता येतात. डब्यांच्या लांबीत ९ मिलिमीटरचा आणि खोलीत ८ मिलिमीटरचा फरक. पण कामाच्या दृष्टीने या ८ मिलिमीटरांचे मोल कितीतरी अधिक आहे. कपॅसिटर आडवा निजवून थोडी उंची वाचवता येते हे खरे, मात्र ते बोर्डाची आखणी करतानाच ठरवावे लागते, झाकण अडल्यावर नव्हे.

फूटस्विचाचेही तसेच आहे. खरा बायपास (पेडल बंद असताना सिग्नल सर्किट टाळून थेट पुढे जाणे) आणि एलईडी दोन्ही सांभाळणारा, ३पीडीटी नावाचा नऊ पायांचा स्विच वरून बटणाएवढा दिसतो, पण पृष्ठाखाली त्याचे अंग, पाय आणि पायांना सोल्डर केलेल्या वायरी मिळून दोन ते अडीच सेंटीमीटर खोली जाते. म्हणजे लहान डबीत स्विचाच्या मागे बोर्ड सरकवता येईल, ही आशा सोडावी. बोर्ड स्विचाच्या अलीकडेच संपला पाहिजे.

जॅकच्या बाबतीत एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते, कारण आकृत्यांत ती कधीच दाखवलेली नसते. गिटारच्या ६.३५ मिलिमीटर प्लगचा दांडा ३० मिलिमीटरहून थोडा अधिक लांब असतो आणि प्लग लावल्यावर त्याचा बराचसा भाग डबीच्या आत शिरतो. उघड्या सांगाड्याचा जॅक वापरला असेल, तर दांड्याचे टोक आणि त्याला धरणारी पत्ती आतल्या पोकळीत उघडीच राहते. जॅक रिकामा असताना मोजमाप घेतलेला बोर्ड व्यवस्थित बसतो. प्लग खुपसला की पत्ती मागे सरकते, शेजारच्या पॉटच्या धातूच्या पाठीला टेकते, सिग्नल थेट ग्राउंडला जातो आणि आवाज बंद. प्लग काढून तपासले, तर मीटरवर सर्व काही ठीक दिसते! अशा दोषाच्या शोधात संध्याकाळ सहज जाते. तेव्हा जॅकची जागा आखताना त्यात प्लग घालूनच आखावी. बंदिस्त प्लास्टिकच्या जॅकमध्ये हा धोका नसतो, मात्र त्याचे अंग लांब असल्यामुळे समोरासमोरच्या भिंतींवर असे दोन जॅक बसवण्याइतकी १५९०एची रुंदी नसते. ते पुढे-मागे सरकवूनच बसवावे लागतात.

बॅटरीचा निर्णय तर सर्वांत आधी व्हायला हवा. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी साधारण ४८ × २६ × १७ मिलिमीटरची असते. १५९०बीमध्ये ती बोर्डावर निजवता येत नाही, हे वरच्या हिशेबावरून उघडच आहे. कडेवर उभी करून फूटस्विचाच्या बगलेत बसवायची म्हटले, तर २७ मिलिमीटर खोलीत २६ मिलिमीटरची वस्तू कागदावर बसते. प्रत्यक्षात क्लिपची वायर, कोपऱ्यातला खांब आणि भिंतीचा उतार यांपैकी काही ना काही आडवे येते. १२५बीत ती नीट बसते. बॅटरी नकोच असेल आणि बाहेरून नऊ व्होल्टचा पुरवठा देणार असू, तर लहान डबीचा विचार करायला हरकत नाही. बॅटरी ठेवायची झाल्यास इनपुटचा जॅक स्टीरिओ, म्हणजे तीन जोडण्यांचा, घ्यावा लागतो, कारण बॅटरीची ऋण बाजू त्याच्या मधल्या टोकाला जोडून प्लग लावल्यावरच पुरवठा सुरू होईल अशी सोय करायची असते. तेवढाच आणखी एक पाय आणि आणखी एक वायर.

आता लहान डबीच्या बाजूने नेहमी दिल्या जाणाऱ्या युक्तिवादाविषयी. पेडलबोर्डावर, म्हणजे अनेक पेडल मांडायच्या फळीवर, जागा वाचते, असे म्हणतात. १५९०एची रुंदी ३९ मिलिमीटर आहे खरी, पण तिचे जॅक बहुधा दोन्ही बगलांना असतात. तिथे अगदी चपटे प्लग लावले, तरी प्रत्येकी दीड सेंटीमीटरच्या आसपास जागा जाते, म्हणजे व्यवहारात ती सुमारे ६९ मिलिमीटर झाली. १२५बीचे दोन्ही जॅक पुढच्या अरुंद भिंतीवर, म्हणजे वादकाच्या पायापासून दूरच्या बाजूला घेतले, तर ती ६६ मिलिमीटरमध्ये आटोपते आणि शेजारच्या पेडलला खेटून ठेवता येते. शेजारी-शेजारी लहान पेडल एकमेकांचे प्लग चुकवून ठेवले, तर थोडी भरपाई होते, हे मान्य; पण जाहिरातीत दिसणारी बचत पेडलबोर्डावर तेवढी उतरत नाही. शिवाय हलकी डबी ताठ केबलच्या ओढीने फिरते आणि खाली वेल्क्रो नसेल, तर पाय ठेवताच कलते.

किती लहान डबीत किती भाग कोंबले याची छायाचित्रे दाखवण्याची चढाओढ हौशी मंडळींत चालते. त्यातले कसब वादातीत आहे. ९ मिलिमीटरचे पॉट, पृष्ठभागावर सोल्डर करायचे चिमुकले भाग आणि ३पीडीटीऐवजी साधे दाबबटण व रिले (विजेने चालणारा छोटा स्विच) वापरून १५९०एमध्ये पूर्ण ओव्हरड्राइव्ह पेडल उत्तम बसतो. मात्र असा पेडल सहा महिन्यांनी उघडून त्यातला एक कपॅसिटर बदलायचा झाला, की सर्वच भाग बाहेर काढावे लागतात. ज्याचा हा पहिला किंवा दुसरा पेडल आहे, त्याला या चढाओढीत ढकलणे मला अन्यायाचे वाटते. एक फूटस्विच आणि तीन-चार नॉब असलेल्या कोणत्याही पेडलसाठी नवशिक्याने डोळे मिटून १२५बी घ्यावी.

फूटस्विच दोन झाले की मात्र १२५बीचा हट्ट धरू नये. ६६ मिलिमीटर रुंदीत दोन स्विचांच्या केंद्रांमध्ये फार तर ४० मिलिमीटर अंतर मिळते, आणि बुटाचा पुढचा भाग सुमारे दहा सेंटीमीटर रुंद असतो. एक दाबताना दुसरा दबणारच. १५९०बीबी आडवी धरली, तर हे अंतर ७५ मिलिमीटरपर्यंत नेता येते आणि टाचेवर पाय फिरवून हवा तो स्विच दाबता येतो. नॉबांची गणनाही बोटांवरून करावी: दोन नॉबांच्या केंद्रांत २० मिलिमीटरहून कमी अंतर ठेवले, तर एक फिरवताना शेजारचा हलतो, आणि स्विचाच्या फार जवळचा नॉब बुटाच्या टोकाने फिरतो. बॉसचे छोटे पेडल सुमारे ७३ × १२९ × ५९ मिलिमीटरचे असतात; त्यांत खालचा मोठा भाग दाबपट्टीला दिलेला आहे आणि बॅटरी त्या पट्टीखालीच राहते. पायाला आधी जागा देऊन उरलेल्यात नॉब बसवल्याचे त्या रचनेत स्पष्ट दिसते.

डबी मोठी घेतली की गुणगुण वाढते, अशी एक समजूत आहे, तीत तथ्य नाही. धातूची डबी ग्राउंडला जोडलेली असेल आणि झाकणाचा तिच्याशी विद्युत संपर्क असेल, तर संरक्षण मिळतेच. पावडर कोटिंगचा थर झाकणाच्या बैठकीवर आला असेल, तर तो तेथून खरवडून काढावा. उलट जास्त गेनच्या, म्हणजे सिग्नल खूप वाढवणाऱ्या, सर्किटमध्ये मोठी डबी उपयोगीच पडते, कारण इनपुट आणि आउटपुटच्या वायरी एकमेकींपासून दूर ठेवता येतात. लहान डबीत त्या एकमेकींना लगटून गेल्या की गेन पूर्ण केल्यावर पेडल शिट्टी वाजवू लागतो.

आपणांस विनंती अशी की, यापुढे पेडलविषयी कृती छापताना डबीचा क्रमांक आणि आतली मापे यादीच्या पहिल्या ओळीत द्यावीत, आणि वरून दिसणाऱ्या आकृतीसोबत बाजूने घेतलेला छेदही छापावा, ज्यात पॉट, बोर्ड, सर्वांत उंच कपॅसिटर आणि जॅकमध्ये घातलेला प्लग दाखवलेला असेल. छिद्रांची आखणी छापली, तर तिच्या शेजारी बरोबर ५० मिलिमीटरची एक रेघही द्यावी, कारण छपाईत आणि वाचकाने काढलेल्या झेरॉक्समध्ये माप बदलते, आणि त्या रेघेवर पट्टी ठेवून पाहिल्याशिवाय ड्रिल चालवणे धोक्याचे आहे.

आपला नम्र,
एक हौशी पेडलकार