व्हियोलालाही थोडी जागा द्या

महोदय,
आपल्या पुरवणीत व्हायोलिनवर बरंच येतं, व्हियोलावर मात्र ओळसुद्धा नाही. दिसायला व्हायोलिनसारखाच, अंगाने थोडा मोठा. व्हायोलिनच्या सर्वांत खालच्या तारेच्याही खाली याची एक तार, म्हणून आवाज भारदस्त. याचे गाजलेले वादक म्हणजे ग्लासगोचे विल्यम प्रिमरोज (१९०४-१९८२). ते मुळात व्हायोलिन शिकलेले, गुरू इझाई यांच्या सल्ल्याने व्हियोलाकडे वळले. आधी लंडन स्ट्रिंग क्वार्टेट हा चार तंतुवादकांचा संच, १९३७ पासून संचालक तोस्कानिनींचा अमेरिकेतला एनबीसी वाद्यवृंद, शिवाय एकलवादन. इटालियन व्हायोलिनवादक-संगीतकार पागानिनीच्या खास व्हायोलिनसाठीच्या रचना ते व्हियोलावर वाजवत, तेही अशा वेगात की ऐकून खरं वाटत नाही! हंगेरियन संगीतकार बार्टोककडून त्यांनी व्हियोलासाठी काँचेर्टो (एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांची रचना) मागितला. १९४५ मध्ये बार्टोक गेले तेव्हा मागे नुसता कच्चा मसुदा उरला. संगीतकार टिबोर शेर्ली यांनी तो जुळवला आणि १९४९ मध्ये मिनियापोलिसला प्रिमरोज यांनी तो प्रथम वाजवला.

जळगावच्या बालगंधर्व महोत्सवात जानेवारीच्या थंडीत कानाला मफलर गुंडाळून बसणारे आम्ही खान्देशी रसिक. सारंगी आवडणाऱ्यांना व्हियोला जड जाणार नाही. एखादा लेख छापाच, सोबत काय ऐकावं तेही द्या.

- एक वाचक, जळगाव