मडमच्या कपाळावरचं कुंकू

कोल्हापूर
आषाढ, मंगळवार

प्रिय बंड्या,

दिवाळीपासून तुला चार ओळी नाहीत. शिव्या दे, पण हे वाचून झाल्यावर. तब्येत म्हणशील तर साखर आटोक्यात, गुडघे आहेत तसेच, हिचं मोतीबिंदूचं झालं. पुढं ऐक.

आपल्या लहानपणच्या त्या मिशनरी साहेब-मडमच्या मुलीनं अमेरिकेहून एक पुडकं पाठवलंय. मडम इथनं घरी जी पत्रं धाडायची त्यांच्या कार्बन प्रती. आमच्या चर्चची स्मरणिका निघायचीय आणि मिशनऱ्यांवरचा लेख माझ्या गळ्यात पडलाय. आठवीतल्या त्या निबंधापासून लोक मला लेखक समजतात. तो तू लिहून दिलास असं तू अजून सांगत फिरतोस, ते साफ खोटं आहे.

सुरुवात सोपी होती. १८५२ साली रॉयल वाइल्डर आणि त्यांची बायको एलायझा कोल्हापुरात आले, शाळा काढल्या, त्यांचा रॉबर्ट इथंच १८६३ साली जन्मला, पुढं वानलेस डॉक्टरांनी १८९४ साली मिरजेत दवाखाना उभा केला. कमिटीनं माना डोलवत ऐकलं. एवढ्या जुन्या माणसांनी कुठला सण कसा केला हे आता कोण विचारतंय! घोडं अडलं ते आपल्या साहेब-मडमपाशी.

मी आपलं जसं आठवलं तसं लिहिलं. बेंदराला मडम कुंभाराकडनं चिखलाची बैलजोडी आणून टेबलावर ठेवायची. बैल पळवत आडवा बांधलेला कर तोडायच्या वेळी साहेब आपल्याला कंपाउंडाच्या भिंतीवर बसवायचा आणि स्वतः आपल्यापेक्षा मोठ्यानं ओरडायचा. दसरा चौकातनं खिसा भरून आपट्याची पानं आणायचा आणि शिपायापासनं मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांना 'सोनं ग्या, सोनं ग्या' करत वाटायचा. नाताळात आईच्या हाताखाली मडम करंज्या कातायची, निम्म्या तेलात फुटायच्या. आत्ता हे लिहितोय तर रस्त्यानं त्र्यंबोली देवीला पाणी चाललंय, पी-ढबाक वाजंत्रीनं खिडकीच्या काचा हलतायत. साहेब असता तर चहा टाकून फाटकात जाऊन उभा राहिला असता, पायानं ठेका धरून. तो ठेका कायम चुकायचा, ते सोड.

तर कमिटीतले एक ज्येष्ठ म्हणाले, बैल आणि आपटा काढा, आपले मिशनरी मूर्तीपुढं वाकले असं दिसेल. मी म्हटलं, अहो, चिखलाचा बैल तो, दुसऱ्या दिवशी पोरांनी खेळून मोडला. (शिंग तू मोडलंस. मी नाही.) त्यावर आमचे तरुण पाळक म्हणतात, काका, तसं नव्हे, बाहेरचे म्हणतील की सणावाराच्या निमित्तानं असेच घरात शिरायचे आणि बाटवायचे. म्हणजे आतल्यानं वाचलं तर साहेब बाटला, बाहेरच्यानं वाचलं तर साहेबानं बाटवलं. आणि साहेब तर नुसता भिंतीपाशी उभा राहून बैल बघत होता, लेका!

पाळकांचं सगळंच चुकीचं आहे असं मला म्हणवत नाही. वातावरण तुला माहीत आहे. माणूस साधा आहे, पोरं लहान आहेत, उद्या कोणी दारात येऊन उभं राहिलं तर मी काय लेख घेऊन आडवा जाणार आहे?

पण खरा घोळ कुंकवाचा. तुमच्या घरचं चैत्रातलं हळदीकुंकू. काकूंनी मडमला बोलावलं, ती आली, फ्रॉक घालून. काकूंनी तिला पाटावर बसवलं, पन्हं दिलं, कैरीची डाळ दिली आणि कपाळाला कुंकू लावलं, चांगलं रुपयाएवढं. बायका एकदम गप्प झाल्या होत्या. ओटीत हरभरे घालायची वेळ आली तर फ्रॉकला पदर कुठला! तिनं रुमाल पसरला, त्यात ओले हरभरे बांधून घेतले. मग ती निघाली आणि आपण दोघं मागं मागं, कुंकू पुसते का बघायला.

तू म्हणतोस फाटकापाशी पुसलं, रुमालानं. अरे, रुमालात हरभरे होते! हे मी तुला शाळेत सांगितलं, तुझ्या लग्नात सांगितलं आणि आता लेखी देतोय. ती तशीच आत गेली, साहेब व्हरांड्यात पेपर वाचत होता, त्यानं वर बघितलं आणि हसला. मग तू म्हणायला लागलास की बाहीनं पुसलं. साक्षीदार असा बदलतो होय रे?

आता ऐक. त्या पुडक्यात त्या हळदीकुंकवाचं पत्र आहे. पन्ह्याचं अख्खं वर्णन आहे, गूळ आणि वेलदोड्यासकट. अत्तर आहे, गुलाबपाणी आहे, रुमालातले हरभरे आहेत. कुंकू नाही. एक ओळ नाही.

बरं, बाई काही लपवणारी होती म्हणावं तर तसंही नाही. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी त्यांचा तो उपकार मानायचा सण असायचा बघ, तेव्हाचंही पत्र आहे. टर्की मिळाली नाही म्हणून गावठी कोंबडी, तांबडा रस्सा ओरपून नवऱ्याचे कान लाल झाले आणि पुढचा महिनाभर तो पांढऱ्यावर राहिला, हे सगळं लिहिलंय. आणि खाली, 'शेजारचा एक मुलगा आईला न सांगता दोन तंगड्या खाऊन गेला.' ओळखलंस?

मला वाटतं, ती पत्रं तिकडच्या चर्चमध्ये वाचली जात असणार. त्यांचा पगार तिकडच्या वर्गणीतनं यायचा. ज्यांच्या पैशावर चूल पेटते त्यांना किती सांगायचं, हे तिलाही बघावं लागलं असेल. पाळकांनी ते पत्र वाचलं आणि म्हणाले, बघा, बाईंनी स्वतःच गाळलंय, तुम्ही कशाला घालता? यावर मला उत्तर सुचलं नाही. रात्री अंथरुणात सुचलं, की तिनं गाळलं ते तिच्या लोकांसाठी. लावलं होतं काकूंनी. काकूंनी भर बायकांत पुढं होऊन मडमच्या कपाळाला हात लावला, ते मी कुणाच्या सोयीसाठी गाळू? त्यानंतर तुझी आजी काकूंशी आठवडाभर बोलली नव्हती, आठवतंय ना?

तेव्हा मी कुंकू ठेवणार. पुसलं की नाही याच्या दोन्ही हकिकती छापीन, तुझी तुझ्या नावानं. कमिटीनं कापलं तर लेखाखालचं माझं नावही कापा म्हणून सांगितलंय. हिला वाटतं की या वयात असली आडमुठेपणाची हौस बरी नव्हे.

तुझ्या सुनेला नोकरी लागल्याचं कळलं, छान झालं. फ्लॅटचं काय झालं? त्या बिल्डरला आणखी पैसे देऊ नकोस. वहिनींना नमस्कार.

एक काम कर. ताईला विचार. हरभरे वाटायला तीच उभी होती आणि मडमला पोचवायला फाटकापर्यंतही तीच गेली असेल. तुझं मत आधी सांगू नकोस, नाहीतर तिच्या तोंडून तेच वदवून घेशील. शुक्रवारी मजकूर छापायला जातोय, त्याआधी लिहून पाठव, फोन नको, मला नीट ऐकू येत नाही. आणि तंगड्यांचं छापू का तेही कळव. काकू आता नाहीत, पण ताई अजून चांगली खमकी आहे.

तुझा
बाळू